टेलच्या माणसानं काय करावं

२०२५ च्या जूनमध्ये गावातल्या एका हॉलात पर्यावरणाचा कार्यक्रम होता. बागाईतदार म्हणून मलाही बोलावणं आलं. पुढच्या रांगेत खुर्ची दिली, हातात कडुनिंबाचं एक रोप दिलं. मग बाहेरगावचे पाहुणे उठले. त्यांनी सगळ्यांना उभं केलं, उजवा हात पुढं धरायला लावला आणि शपथ दिली. मी विनाकारण दिवा चालू ठेवणार नाही. मी दात घासताना नळ सोडून ठेवणार नाही. मी जवळच्या अंतरासाठी गाडी वापरणार नाही. मी दर वर्षी एक झाड लावीन. माझ्या शेजारी आमच्या बांधाला लागून असलेले तात्या हात पुढं धरून उभे होते. वय पंचाहत्तरच्या पुढं. ते हळूच म्हणाले, "का रे, मळ्यात नळ कोनाचा वाहून राह्यला?"

मला हसू आलं. दिव्याचंही तेच. शेतीची लाईट आम्हाला आठ तास, त्यातही एक आठवडा दिवसाची तर एक आठवडा रात्रीची. दिवा बंद करायचं काम आमच्याकडं आपोआप होतं, त्याला शपथ लागत नाही.

पण घरी येता येता हसू गेलं आणि राग आला. कारण त्या हॉलात बसलेले निम्मे लोक द्राक्षवाले होते आणि नुकताच तो मे महिना होऊन गेला होता. त्या वर्षी मे महिन्यात काय पाऊस झाला ते आठवत असेल. वळवाच्या सरी आम्ही जन्मापासून बघतो. हा तसा नव्हता, जुलैसारखा दिवसच्या दिवस लागून राहिला. शहरातले लोक म्हणाले, बरं झालं, उन्हाळा जाणवला नाही. द्राक्षवाल्याच्या पोटात मात्र गोळा आला. आम्ही एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो. त्यानंतर फुटलेल्या काडीत, मे-जूनच्या कडक उन्हात, डोळ्याच्या आत पुढच्या हंगामाचा घड तयार होतो. तो बाहेरून दिसत नाही. दिसतो थेट ऑक्टोबरच्या छाटणीनंतर, बाग फुटल्यावर. त्या दिवसांत ऊन मिळालं नाही, आभाळ राहिलं, मुळाशी पाणी राहिलं, की घडाच्या जागी नुसत्या बाळ्या निघतात. म्हणजे फेब्रुवारीत विकायचा माल मे महिन्यातच मेलेला असतो आणि आपण सहा महिने त्या मेलेल्या मालाला खत, औषध, मजुरी घालत बसतो. माझ्या बागेत एरवी झाडावर पस्तीस-चाळीस घड ठेवतो, जास्तीचे काढून टाकतो. त्या हंगामात काढायला काही नव्हतंच. कुठं बारा, कुठं चौदा, काही झाडं तर कोरीच.

अशा माणसांना तुम्ही उभं करून सांगता, दात घासताना नळ बंद करा.

पाहुणे माणूस वाईट नव्हते. स्वतःच्या खर्चानं आले होते, सुताची पिशवी खांद्याला होती. "प्रत्येकानं स्वतःपासून सुरुवात केली तर जग बदलेल," असं ते तीनदा म्हणाले. ह्या वाक्याशी माझं भांडण आहे. आणि तेवढंच भांडण महामार्गाच्या कडेला चहाच्या टपरीवर रोज ऐकू येणाऱ्या दुसऱ्या वाक्याशी आहे. ते असं: "धूर काढून राह्यले अमेरिका न् चीन. आपण एकट्यानं काय केलं तरी काय उपेग?" पहिलं वाक्य सांगतं, एकट्यानं कर. दुसरं सांगतं, एकट्यानं होत नाही. दोघांनाही माणूस एकटाच दिसतो. बांधाच्या पलीकडचा माणूस दोघांच्याही हिशेबात नाही. दोघांचं आतून चांगलं जमतं, म्हणून तर शपथेचा कार्यक्रम झाल्यावर लोक त्याच टपरीवर जाऊन चहा पितात.

आता वाघाडचं सांगतो. पाण्यावर काम करणाऱ्यांना ते ठाऊक आहे. आमच्या गावातल्या नव्या पोरांना कालवा म्हणजे पोहायची जागा एवढंच ठाऊक आहे.

वाघाड धरण दिंडोरी तालुक्यात, कोळवण नदीवर. तिथून निघालेलं कालव्याचं पाणी येत येत ओझरच्या शिवारात संपतं. म्हणजे आम्ही टेलचे. टेलचा शेतकरी काय असतो ते हेडच्या माणसाला सांगून कळत नाही. नकाशात आमचं शिवार भिजत होतं. सात नंबरचा फॉर्म भरायचा, मंजुरी यायची, पाळी सुटल्याची बातमी यायची आणि चारी कोरडी. वरच्या अंगाला वाफे तुडुंब, फोडलेल्या चाऱ्या, कालव्यात सोडलेले पाइप, रात्रीतून वर उचललेली गेटं. आमच्याकडं पाणी यायचं ते पाळी संपता संपता, पाऊल भिजेल एवढं, तेही गढूळ. बाया म्हणायच्या, ह्या पाण्यात तर धुणंही व्हायचं नाही.

माझ्या वडिलांनी उभ्या आयुष्यात कधी चारी फोडली नाही. आपल्या वाट्याचं नसलेलं पाणी घेणं त्यांना चोरी वाटायचं. कधी वरून चुकून जास्त पाणी आलं तर ते वाफा भरला की पुढच्याला हाक मारायचे. गावात त्यांना मान होता. पण त्यांच्या ह्या चांगुलपणाचा शिवाराला फायदा किती झाला, हा हिशेब मी पुढं मोठा झाल्यावर मांडला. मला दुःख झालं. वडिलांनी सोडलेलं पाणी पुढच्या गरजवंताच्या वावरात कधी पोचलंच नाही. ते मधेच, ज्याच्याकडं पाइप जाड होता, त्यानं उचललं. वडील आपले समाधानानं झोपायचे आणि त्यांचा पाण्याचा वाटा दुसरा कोणी रात्री घेऊन जायचा.

ओझरला तेव्हा समाज परिवर्तन केंद्र नावाची संस्था काम करायची. बापू उपाध्ये आणि भरत कावळे ही तिच्यातली दोन नावं. मी तेव्हा तिशीतला, बैठकीत मागं भिंतीला टेकून बसायचो. ही माणसं काय करत होती? ती कालव्याच्या कडेनं चालत होती. कोणत्या चारीला किती पाणी सुटतं, कुठं गळतं, कुठं चोरीला जातं हे बघत होती. मग लोकांना बसवून सांगत होती की आपण संस्था करू. सरकारनं पाणी मोजून संस्थेच्या दारात द्यायचं आणि संस्थेनं ते तासावर सभासदांना वाटायचं. पट्टी संस्थेनं गोळा करायची, भरणाही संस्थेनंच करायचा.

लोक काय म्हणाले असतील? "पानी मोजून? पानी काय दूध हाये का?" कोणी म्हणालं, हे पट्टी वाढवायचं कारस्थान आहे. कोणी म्हणालं, वरचे लोक ऐकतील का. माझ्या चुलत्यांनी तर बैठकीत सांगितलं, "आधी त्यांना चोरी बंद करू द्या, मग आपण संस्था करू." टपरीवरचं अमेरिका-चीनचं वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, फक्त त्यात देशांच्या जागी वरच्या गावांची नावं होती.

तरी १९९०-९१ च्या सुमाराला तीन संस्था उभ्या राहिल्या. महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा. चारीच्या तोंडाशी मोजणीची जागा बांधली, तिला पट्टी लावली. ती पट्टी ही खरी क्रांती होती, असं मला आजही वाटतं. कारण त्याआधी "पाणी कमी आलं" हे आमचं रडगाणं होतं आणि पट्टी लागल्यावर तो आकडा झाला. रडगाण्याला साहेब चहा पाजून परत पाठवतो, आकड्याला त्याला उत्तर द्यावं लागतं. आणि साहेबाचं सोडा, आमचं आम्हाला कळायला लागलं. कोणाच्या वावरात किती तास पाणी गेलं ते वहीत लिहिलेलं, वही कोणीही बघावी. भांडणं झाली, बांधावर कुदळी उचलल्या गेल्या. पण भांडण वहीवर बोट ठेवून व्हायला लागलं.

दुसरी गोष्ट, संस्थेला पाणी कोट्यावर मिळालं, त्यात कोणतं पीक घ्यायचं ते शेतकऱ्यानं ठरवायचं. ओझरच्या आजच्या द्राक्षबागांना त्याचा मोठा आधार झाला. संस्थांनी कालव्याचं पाणी बाणगंगेवरच्या बंधाऱ्यांत सोडलं, त्यानं काठच्या विहिरी वर आल्या. मग वरच्या गावांत संस्था व्हायला लागल्या. २००३ साली चोवीस संस्था मिळून अख्ख्या वाघाड प्रकल्पाचा कारभार शेतकऱ्यांच्या हातात आला. सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांना हक्क देणारा महाराष्ट्राचा कायदा आला तो २००५ ला, म्हणजे आमच्यामागून. हेडची माणसं का आली? त्यांना पश्चात्ताप वगैरे काही झाला नव्हता. चोरीच्या पाण्याला भरवसा नसतो, आज मिळालं तरी परवाची पाळी कधी ते माहीत नसतं. त्यांना तारीख हवी होती, ती संस्थेत मिळाली. एवढंच कारण आहे, असं माझं मत.

त्यातला एकही माणूस शपथ घेऊन सुधारला नाही. आजही संस्थेत सगळं सुरळीत आहे असं म्हणणार नाही, नव्या पोरांना बैठकीला यायचा कंटाळा आहे. पण माझ्या वडिलांच्या चांगुलपणानं जे पाणी टेलला आलं नाही, ते पट्टीनं, वहीनं आणि गेटवर बसवलेल्या पगारी माणसानं आलं. हवापाण्याच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी ओझरला येऊन रोपं वाटायच्या आधी ही वही बघावी.

जगाच्या हवेचा कालवाही असाच आहे. धुराचं मोजमाप आता झालेलं आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. अमेरिकेतला एक माणूस वर्षाला साधारण चौदा टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. जगाची सरासरी साडेचार-पाच टनांच्या आसपास. आपल्या देशातल्या माणसाची साधारण दोन टन. म्हणजे हेड कुठं आणि टेल कुठं हे उघड आहे. आणि माणसानं स्वतःपुरता धुराचा हिशेब करत बसावा, ही कल्पना जगभर कोणी नेली माहीत आहे का? ब्रिटिश पेट्रोलियम ह्या तेल कंपनीनं. वीस-बावीस वर्षांपूर्वी जाहिराती करून तिनं लोकांना विचारलं, तुमच्या पावलाचा ठसा किती मोठा? मला हे पुतण्यानं वाचून दाखवलं तेव्हा आमच्याकडचा जाड पाइपवाला डोळ्यांसमोर आला. तोही पाणी उचलून झाल्यावर सकाळी पारावर बसून सांगायचा, पाणी जपून वापरा रे.

पुतण्या पुण्याला कंपनीत आहे. त्यानं मोबाइलवर माझाही हिशेब केला. आण्णा, डिझेल किती, लाईट किती, गॅस किती. डिझेलचा आकडा माझ्या वहीत होता, गेल्या हंगामात दोन एकर बागेच्या फवारणीला आणि मशागतीला ४१० लिटर. एका लिटरला पावणेतीन किलोच्या जवळपास धूर, म्हणजे टनाच्या वर गेलं. तो गप्प झाला. कारण त्याच वर्षी तो कंपनीच्या कामानं विमानानं युरोपात जाऊन आला होता आणि तेवढाच, किंबहुना जास्त धूर त्याच्या एका खेपेचा निघाला. मी त्याला म्हणालो, वाईट वाटून घेऊ नको, तू गेला नसतास तर विमान थांबलं असतं का? पण ते ४१० लिटर माझ्या डोक्यातून गेले नाहीत. पूर्वी बागेला एवढं डिझेल लागत नव्हतं. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पाऊस लांबला की डावणी येते, डावणी आली की रोज ब्लोअर घेऊन बागेत. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात एका दिवसात दोन-दोन फवारण्या केल्या, चिखलात ट्रॅक्टर रुतला तो दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढला. तरी बाग गेली. हवा बिघडली म्हणून मी जास्त धूर काढतो, आणि हवा बिघडलीय धुरानं. ह्याच्यातून मी एकटा शपथ घेऊन कसा बाहेर पडू? फवारणी बंद करू?

तेच २०१९ साल ३३ कोटी झाडांचंही होतं. आधीच्या वर्षी तेरा कोटी, त्याच्या आधी चार, त्याच्या आधी दोन, अशी सरकारची चढती भाजणी. मी झाडाच्या विरुद्ध नाही. हॉलात मिळालेला कडुनिंब मी गोठ्यामागं लावला, तो जगलाय, शेळी लागली होती तरी पुन्हा फुटला. पण आमच्या ह्याच मुंबई-आग्रा रस्त्याच्या दुतर्फा वडाची झाडं होती, त्यांच्या सावलीत बाजाराच्या गाड्या सुटायच्या. रुंदीकरणात ती गेली. रस्ता हवा होता, आमचाच माल त्यावरनं जातो, हे खरं. मात्र वड तोडायचा तेव्हा निर्णय वरून येतो आणि झाड लावायचं तेव्हा जबाबदारी प्रत्येकाची होते, ही वाटणी मला कळत नाही.

आता आमच्या बाजूचं. नाहीतर हे लिहिणं म्हणजे दुसऱ्याच्या वावरातलं तण मोजणं होईल.

आम्ही टेलचे, हे बोलायला बरं वाटतं. पण आमच्याखालीही माणसं आहेत. पेठ-सुरगाण्याकडून थिनिंगला, डिपिंगला टोळ्या येतात. मळ्यात पाल ठोकून राहतात. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड तालुक्यात गारा पडल्या. दुसऱ्या दिवशी पंचनाम्याची मागणी, पुढाऱ्यांच्या गाड्या, बांधावर फोटो. फोटोत मी पण आहे. माझ्याकडं तेव्हा अकरा माणसांची टोळी होती. बाग झोडपली म्हणजे त्यांचं काम संपलं. चार आठवड्यांचा रोज गेला. सातबारा माझ्या नावावर, त्यामुळं पंचनामा माझा. त्यांचा काय पंचनामा करणार? टोळीतल्या एका बाईनं पालावरचं प्लॅस्टिक काढून घडी घातली, गारांनी त्याची चाळण झाली होती, आणि विचारलं, "दादा, गाडीभाडं तरी देशाल का?" दिलं. नुसतं गाडीभाडंच दिलं, हे आज लिहिताना लाज वाटते. हॉलातल्या शपथेला ती नव्हती. तिच्या वाट्याचा धूर किती भरेल, चुलीचा आणि जीपच्या एका सीटचा?

आणि २०१८ च्या डिसेंबरअखेरची गोष्ट. निफाडला पारा दोन अंशांच्या आसपास उतरला होता. थंडीत आमच्या भागाचे आकडे पेपरात छापून येतात, लोकांना कौतुक वाटतं. मणी पाणी भरायच्या बेतात असताना अशी थंडी आली की घड जागच्या जागी अडतो. रात्री दोनला उठून बागेत पाणी सोडलं, विहिरीचं पाणी ऊन असतं. शेकोट्या केल्या. काड्या संपल्या, तेव्हा ट्रॅक्टरचं जुनं टायर ओढत आणून पेटवलं. सगळ्या शिवारात त्या रात्री अशा लाल शेकोट्या दिसत होत्या आणि सकाळी काळा धूर जमिनीलगत साचून राहिलेला. शेजारच्या वस्तीवर दम्याची म्हातारी होती. ती तीन दिवस खोकत होती. तिच्या सुनेनं मला काही म्हटलं नाही, कारण तिच्या नवऱ्यानंही टायरच पेटवलं होतं.

ज्याच्याकडं पैसा आहे तो आता बागेवर प्लॅस्टिकचं छप्पर घालतो. एकराला काही लाख रुपये लागतात. माझ्यानं होत नाही. ज्यानं घातलं त्याचा माल टिकला की बाजारात आमचा तुटवडा त्याच्या फायद्याचा. हेसुद्धा स्वतःपासून सुरुवात करणंच आहे की.

सगळ्यात वाईट गोष्ट शेवटाला ठेवली होती, बोअरची. ज्या गावानं कालव्याचं पाणी मोजून घेतलं, त्याच गावानं जमिनीखालचं पाणी न मोजता उपसलं. कालव्याच्या पाण्याला आमच्याकडं वही आहे, खालच्या पाण्याला नाही. आमच्या वस्तीच्या अकरा खातेदारांत एकतीस बोअर आहेत. मी मोजले. त्यातले निम्मे कोरडे. माझे तीन, पैकी दोन कोरडे, तिसरा ५२० फूट. तो घेतला त्या उन्हाळ्यात तात्यांच्या बोअरचं पाणी आटलं. त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही, पुढच्या वर्षी त्यांनीही ५६० फूट खाली नेला आणि माझं पाणी कमी झालं. राज्यात २००९ चा भूजलाचा कायदा आहे, खोल विहिरींवर त्यात बंधन आहे. बोअरच्या गाड्या रात्रभर घरघरत असतात, त्यांना कोणी तो वाचून दाखवलेला नाही. इथं अमेरिका नाही आणि चीन नाही. इथं हेडही मी आणि टेलही मीच.

म्हणून शपथेच्या कार्यक्रमानंतर महिन्याभरानं मी आमच्या वस्तीची बैठक बोलावली. विषय एकच, प्रत्येक बोअरला मीटर आणि मार्च ते जून उपशाचे तास ठरवायचे. नवा बोअर घ्यायचा तर सगळ्यांना विचारून. अकरापैकी नऊ जण आले. अर्धा तास पाऊसपाण्याच्या गप्पा झाल्या, मग विषयाला हात घातला, तसा आवाज वाढला. एक जण म्हणाला, माझ्या जमिनीखालचं पाणी माझं. दुसरा म्हणाला, मीटर बसवला की उद्या सरकार पट्टी लावील. तिसरा म्हणाला, पलीकडच्या वस्तीनं उपसा चालू ठेवला तर आपण मीटर बसवून काय त्यांच्यासाठी पाणी राखून ठेवायचं? हा प्रश्न खोटा नव्हता. माझ्या वडिलांचं असंच झालं होतं. मी म्हणालो, म्हणूनच पुढची बैठक त्यांच्या वस्तीवर घेऊ. त्यावर कोणी काही बोललं नाही.

उठता उठता तात्या म्हणाले, "लई वाघाड वाघाड करून राह्यला. आधी तुपल्या बोअरला बसव न् वही आम्हाला दाखव."

बसवला. साडेचार हजार गेले. मोटरघरात खिळ्याला वही टांगली, रोजचा आकडा लिहितो. पाहुणे म्हणतील, बघा, शेवटी स्वतःपासूनच सुरुवात केली. केली. पण ती वही मी माझ्या मनाच्या शांतीसाठी टांगलेली नाही, तात्यांनी तिच्यावर बोट ठेवून माझ्याशी भांडावं म्हणून टांगलीय. मोटरघराला कुलूप लावत नाही. पहिले कित्येक महिने कोणी फिरकलं नाही. परवा तात्यांचा मुलगा पाना मागायला आला होता. पाना घेऊन गेला नाही, आत उभा राहून पानं उलटत राहिला. मग मोबाइलवर फोटो काढला आणि विचारलं, "आण्णा, हा एप्रिलचा आकडा खरा हाये का?"

खरा आहे म्हणालो.

"आमचा याच्या दीडपट असंल," तो म्हणाला. आणि मीटर कुठल्या दुकानातून आणला ते विचारून गेला. पलीकडच्या वस्तीवरची बैठक पोळ्याच्या आधी घ्यायची आहे, त्यांच्यातल्या दोघांनी येतो म्हटलंय.